गच्चीवरची शेती (लेखांक ८) : कलिंगडाला हवी तुमची एक सकाळ

गेल्या आठवड्यात आपण कलिंगडाचा वेल मांडवावर कसा चढवायचा आणि फळाला झोळी कशी बांधायची ते पाहिलं. ज्यांनी डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत बी टोकलं, त्यांच्या वेलांवर आता पिवळी फुलं दिसायला लागली असतील. नेमक्या याच सुमारास एक प्रश्न हमखास येतो : फळ धरतं, वाटाण्याएवढं, बोराएवढं दिसतं, मग पिवळं पडून गळतं, कोणतं औषध मारू?

आधी औषधाची बाटली बाजूला ठेवा. जे गळलं ते फळ नव्हतंच. तो मादी फुलाच्या बुडाशी असलेला बीजांडकोश होता. फूल उमलायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे असतो. गोल, हिरवा, बारीक लव असलेला आणि दिसायला हुबेहूब चिमुकलं कलिंगड. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, चला, फळ धरलं. प्रत्यक्षात त्याचं फळ व्हायचं की नाही हे अजून ठरायचं असतं, आणि ते ठरायला त्या फुलाकडे एकच सकाळ असते. तेवढ्यात नर फुलातले परागकण पोचले नाहीत, तर वेल त्या फुलाला अन्न पुरवणं थांबवतो. दोन-चार दिवसांत ते पिवळं पडतं, सुरकुततं आणि देठापासून सुटतं. हा रोग नाही. फूलगळ थांबवणारी म्हणून जी टॉनिकं विकली जातात, ती परागकणांची जागा घेऊ शकत नाहीत. अशा वेळी युरियाचा डोस दिला तर पानं हिरवीगार होतील, वेल दहा फूट पळेल आणि फळ तरीही धरणार नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. फळमाशीनं डंख केलेलं छोटं फळसुद्धा गळतं. ते ओळखायला सोपं आहे. डंखाच्या जागी टाचणीनं टोचल्यासारखं भोक असतं, तिथून डिंकासारखा थेंब बाहेर येतो, फळ मऊ पडतं आणि कापलं तर आत अळ्या सापडतात. नुसतंच पिवळं होऊन वाळलेलं, आत कोरडं असलेलं फळ मात्र परागाविना गेलेलं समजा.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी नर फुलं येतात, तीही भरपूर. बारीक, लांबट देठावर सरळ पिवळं फूल, खाली कसलाही फुगवटा नाही. ती दुसऱ्या दिवशी गळून जातात आणि गच्चीवर पिवळा सडा पडतो. त्यानं धास्तावू नका. नर फुलाचं काम तेवढंच. आठवडाभरानं, कधी त्याहून उशिरा, मादी फुलं दिसायला लागतात. साधारण सहा-सात नर फुलांमागे एक मादी फूल असं प्रमाण असतं. उन्हाचा कडाका वाढला किंवा नत्र जास्त झालं की नर फुलं आणखी वाढतात. काही वाणांमध्ये मादीच्या जागी उभयलिंगी फूल येतं, म्हणजे बुडाशी बीजांडकोश आणि आत पुंकेसरही. तरीही त्याला बाहेरची मदत लागतेच, कारण कलिंगडाचे परागकण जड आणि चिकट असतात. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात, तसे हे उडत नाहीत. कुणीतरी ते उचलून न्यावे लागतात.

शेतात हे काम मधमाश्या करतात. कोकणात भात काढल्यावर त्याच खाचरात कलिंगड लावतात, विदर्भात नदीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या असतात. तिथे सातेरी, फुलोरी, आग्या अशा मधमाश्या सकाळपासून फुलांवर असतात. एका मादी फुलावर मधमाश्यांच्या निदान आठ-दहा खेपा झाल्या, तर फळ चांगलं पोसतं. शहरातल्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीत दोन वेल आणि त्यावर दिवसाला तीन-चार फुलं एवढ्यासाठी माशी वाकडी वाट करून येईलच असं नाही. त्यात सोसायटीत पोळं दिसलं की फवारणीवाल्याला बोलावण्याची आपल्याकडे भारी घाई. मला ही घाई मुळीच पटत नाही. फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं बाल्कनीच्या कठड्याला किंवा झुडपाच्या फांदीला लटकलेलं असतं. तिला डिवचलं नाही तर तीही कुणाच्या वाटेला जात नाही, आणि आपल्या वेलवर्गीय भाज्यांची ती मोठी सोबतीण आहे. कुंडीतली थोडी कोथिंबीर फुलावर येऊ द्या, तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. माशा यायला लागतील. पण त्यांची वाट पाहत या हंगामातली मादी फुलं वाया घालवण्यात अर्थ नाही. हे काम हातानं करता येतं.

हातानं पराग लावण्याची युक्ती फार जुनी आहे. खजुराची झाडं लावणाऱ्या अरबस्तान-इराकच्या भागात हजारो वर्षांपासून नर झाडाचे तुरे मादी झाडावर नेऊन बांधतात. फुलात नर-मादी असतात हे प्रयोगानं दाखवायला मात्र युरोपात १६९४ साल उजाडलं. जर्मनीतल्या ट्युबिंगनचे रुडॉल्फ कामेरारियुस यांनी एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच काढून टाकली, आणि त्या झाडांना बी धरलंच नाही. आपल्या परसातला एरंडच त्यांनी साक्षीला घेतला. तुमच्या गच्चीवर गळणारं चिमुकलं कलिंगड तीच साक्ष पुन्हा देत असतं.

आता प्रत्यक्ष काम. तयारी आदल्या संध्याकाळी करायची. वेलावरून नजर फिरवा. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला पिवळी झाक आलेली असते. अजून दोन दिवस असतील तर कळी हिरवीच असते. मादी कळी कुठे आहे ते लक्षात ठेवा, हवं तर शेजारच्या काठीला रंगीत दोरा बांधा. पानांच्या गर्दीत सकाळी ती सापडत नाही आणि शोधाशोधीत वेळ जातो.

सकाळी ऊन पडायला लागलं की फूल उमलतं. थंडी असेल तर जरा उशिरा, एप्रिलच्या उन्हाळ्यात पहाट सरता सरता. दुपारपर्यंत ते मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. फूल उघडल्यापासून नऊ वाजेपर्यंतचा वेळ सगळ्यात चांगला. पुढे तापमान चढतं आणि परागांचा जोम कमी होत जातो. पारा पस्तीस अंशांच्या वर गेल्यावर तर फळ धरण्याची शक्यता फारच घटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी म्हणूनच आठच्या आतच उरकावं. त्या सकाळी वेलावर पाणी शिंपडू नका, पाणी बुडाशी द्या. भिजलेले पराग फुटतात, त्यांचा लगदा होतो. फुलं उघडी असताना कडुनिंबाचं तेल किंवा साबणपाणीही फवारू नका.

त्याच दिवशी उमललेलं ताजं नर फूल देठासकट खुडा. त्याच वेलावरचं चालतं, दुसऱ्या वेलावरचंही चालतं. पाकळ्या मागे दुमडा किंवा सरळ काढून टाका. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा वेडावाकडा गुंता उरेल. त्याला बोटाचं टोक हलकेच लावून पाहा. बोटावर पिवळी भुकटी दिसली तर पराग सुटायला लागले आहेत. नसेल दिसली तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. आता मादी फुलाजवळ या. त्याच्या मधोमध असते ती कुक्षी. नीट पाहिलं तर ती तीन फुगीर पाळ्यांची दिसते, किंचित चिकट, पिवळसर हिरवी. एका हातानं मादी फुलाचा देठ मागून आधार देऊन धरा, बीजांडकोशाला मात्र बोट लावू नका, त्याची साल फार कोवळी असते. नर फुलाचा मधला भाग कुक्षीवर टेकवा आणि कुंकू लावताना बोट फिरवतो तितक्याच हलक्या हातानं तीनही पाळ्यांवर फिरवा. कुक्षी पिवळ्या भुकटीनं माखलेली दिसली पाहिजे. एका नर फुलानं भागलं नाही तर दुसरं घ्या, तिसरं घ्या. नर फुलांची कमतरता नसते.

इथे कंजूषपणा का करायचा नाही, ते सांगतो. एका परागकणापासून एकच बी तयार होतं. कलिंगडात बिया शेकड्यांनी असतात, आणि गर भरतो तो वाढणाऱ्या बियांच्या जोरावर. पूर्ण फळासाठी कुक्षीवर पाचशे ते हजार परागकण पडावे लागतात. एकाच पाळीवर पराग पडले, तर फळाची तेवढीच बाजू फुगते, दुसरी बाजू बसकी राहते. बाजारात कधी कधी वाकडं, एका बाजूला चेपलेलं कलिंगड दिसतं, त्यातल्या बऱ्याच फळांचं कारण हेच असतं. मऊ ब्रशनंही हे काम होतं, अनेक जण तसंच करतात. मी फुलालाच पसंती देतो, कारण ब्रशच्या केसांत पराग अडकून राहतात आणि कुक्षीपर्यंत थोडेच पोचतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी निकाल कळतो. फळ धरलं असेल तर आधी वर तोंड करून असलेलं ते चिमुकलं कलिंगड खाली झुकतं, देठ जाड होतो, अंगावरची लव विरळ होत जाते आणि साल तुकतुकीत दिसायला लागते. आठवड्याभरात ते लिंबाहून मोठं होतं. इथून पुढे फळमाशीचा धोका सुरू होतो. फळाला कागदी किंवा सुती पिशवी सैलसर बांधा, गच्चीत क्यू-ल्युअरचा एक सापळा टांगा.

पराग नीट लावूनही काही फळं गळतील. एका वेलाची ताकद मर्यादित असते, त्यातून ग्रो बॅगमधल्या वेलाची आणखीच कमी. एक फळ चांगलं वाढायला लागलं की वेल नंतर धरलेली फळं स्वतःच सोडून देतो. म्हणून रोज एक-एक फूल करत बसण्यापेक्षा लागोपाठच्या दोन-तीन दिवसांत उमललेल्या दोन-तीन मादी फुलांना पराग लावा, ती अंड्याएवढी झाली की त्यातलं सगळ्यात सुबक एक ठेवा, वेल दणकट असेल तर दोन. बुंध्याजवळ आलेलं पहिलं मादी फूल मी काढून टाकायला सांगतो. त्या वेळी वेलावर पानं कमी असतात, फळ लहानच राहतं आणि पुढची वाढही अडवतं.

ज्यांनी बिनबियांच्या कलिंगडाचं बी आणलं आहे, त्यांनी हा परिच्छेद जपून वाचावा. साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात. जपानचे हितोशी किहारा यांनी ती दुप्पट करून ४४ केली, अशा वेलाचा साध्या वेलाशी संकर केला आणि ३३ गुणसूत्रांचं बी मिळवलं. १९५१ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. या ३३ च्या वेलाचे पराग जवळजवळ निकामी असतात. त्याचंच नर फूल त्याच्या मादी फुलावर कितीही फिरवलं तरी उपयोग नाही. शेजारी शुगर बेबीसारखा साधा वाण हवाच, आणि पराग त्याचे घ्यायचे. त्यांच्यामुळे फळ वाढायला लागतं, बिया मात्र पांढऱ्या, पोचट राहतात.

काकडी किंवा खरबुजाशेजारी कलिंगड लावलं तर ते फिकं होतं, असं अनेक जण सांगतात. ते खरं नाही. काकडीचे किंवा खरबुजाचे पराग कलिंगडाला चालतच नाहीत. दुसऱ्या जातीच्या कलिंगडाचे पराग आले तरी या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, बदलतं ते आतलं बी. फिकेपणाची कारणं वेगळी आहेत : पिकायच्या दिवसांत पाण्याचा मारा, अपुरं ऊन आणि रोगानं गेलेली पानं.

बी बदलतं म्हणूनच हातानं पराग लावण्याचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, उपयोग आहे. शुगर बेबी किंवा बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का माणिक हे सरळ वाण आहेत. त्यांचं बी घरी राखता येतं. संकरित वाणाचं राखण्यात अर्थ नाही. उद्या उमलणारी मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं अलगद बांधून ठेवायच्या, म्हणजे पहाटे माशी आत शिरणार नाही. सकाळी सोडून पराग लावायचे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. त्या फळातलं बी शुद्ध. आणि बी धरायचं ते सर्वांत चांगल्या फळाचं. गोव्यातलं पर्रा गाव कलिंगडांसाठी प्रसिद्ध आहे. त्या गावचे मनोहर पर्रीकर सांगत असत, की तिथला एक शेतकरी हंगामाच्या शेवटी मुलांना आपली मोठ्यात मोठी कलिंगडं पोटभर खाऊ घालायचा, अट एकच, बी चावायचं नाही. ते बी पुढच्या वर्षी पेरायचा. पुढच्या पिढीनं मोठी फळं बाजारात धाडली, मुलांपुढे लहान ठेवली, आणि काही वर्षांत फळांचा आकार घटत गेला.

हीच पद्धत लाल भोपळ्याला, काकडीला आणि कारल्यालाही लागू पडते, वेळ सकाळचीच. दुधी आणि दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळी उमलतं. पडवळाचं फूल अंधार पडल्यावर. त्यांच्यासाठी सकाळी उठून काही हाती लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात कलिंगड पिकलं हे कसं ओळखायचं ते पाहू. शुगर बेबीला आपल्या उन्हाळ्यात पराग लावल्यापासून साधारण महिना-सव्वा महिना लागतो, आवाजापेक्षा हा हिशेब जास्त भरवशाचा. म्हणून एक विनंती : ज्या मादी फुलाला पराग लावाल, त्याच्या देठाजवळ तारखेची चिठ्ठी लगेच बांधा.