पिवळे भिंग आणि अदृश्य किरण

काचेइतका पारदर्शक पदार्थ दुसरा नाही, असा आपला समज असतो. परंतु वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावी लाकडी पाटीवर कार्बन डायऑक्साइड लेसरने अक्षरे कोरणारे यंत्र कधी पाहण्यात आले, तर त्याच्या मुखाशी बहुधा पिवळसर भिंग आढळेल. काच सोडून हे भिंग का योजावे लागले?

हा लेसर आपल्याच प्रांतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने शोधला. बारामतीस १९३८ साली जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो सिद्ध केला. त्याचे अवरक्त किरण डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या सुमारे पंधरापट आहे.

काचेतील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू हलके आणि घट्ट जखडलेले असतात. त्यांची कंपने या किरणांशी जुळतात. म्हणून काच ते किरण गिळते आणि तापते. पिवळे भिंग झिंक सेलेनाइड या अर्धवाहकाचे असते. त्यातील जस्त व सेलेनियम यांचे अणू जड, त्यांची कंपने संथ. त्यामुळे किरण शोषले न जाता पार होतात. निळा-जांभळा प्रकाश मात्र त्यातील इलेक्ट्रॉन शोषून घेतात, म्हणून पदार्थ पिवळा दिसतो. जर्मेनियमही अवरक्त किरणांस वाट देते. पण दृश्य प्रकाश अडविते, आणि तापले की अधिकच शोषू लागते. झिंक सेलेनाइडमधून नेम धरण्याचा तांबडा किरणही जातो.

जस्ताची वाफ व हायड्रोजन सेलेनाइड वायू यांच्या संयोगाने हा पदार्थ थरावर थर जमवून करतात. त्याचा वक्रीभवनांक २.४ असल्यामुळे प्रत्येक पृष्ठावरून सुमारे १७ टक्के किरण परततात. तो तोटा टाळण्यासाठी दोन्ही अंगांस परावर्तनरोधक लेप देतात.

तथापि हा पदार्थ मऊ आहे. कोरड्या फडक्याने पुसल्यास ओरखडे पडतात. धुराचा एखादा कण वर बसला, तर तो किरण शोषतो, तेथे भिंग तापते आणि तडकते. जळालेल्या भिंगातून सेलेनियमची विषारी संयुगे बाहेर पडू शकतात. तेव्हा त्याचे तुकडे उघड्या हातांनी उचलू नयेत, घरच्या केरातही टाकू नयेत.

सारांश, पारदर्शकता हा एकट्या पदार्थाचा गुण नव्हे; समोर किरण कोणता, यावर ती अवलंबून असते. आपल्या डोळ्यांस निर्मळ दिसणारी काच या किरणांपुढे भिंत ठरते, आणि रंगाने मळकट वाटणारे भिंग त्यांना वाट करून देते.