छातीवरची माती

पावसाळा तोंडावर आला की शहरात खोदकामांची घाई सुरू होते. कुठे पाण्याची लाइन, कुठे ड्रेनेज, कुठे केबल, तर कुठे नव्या इमारतीचा पाया. रस्त्याच्या कडेला पुरुषभर खोल चर, काठावर उपसलेल्या मातीचा ढीग, शेजारी घरघरणारा जेसीबी आणि चरात उतरून पाइपाचा सांधा बसवणारा एखादा मजूर. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही धोका असेल असे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या मनातही येत नाही. चराची भिंत सकाळी उभी असते, दुपारीही उभी असते. मग एकाएकी ती खाली येते. दोन-चार सेकंदांत सगळे आटोपते. पंचनाम्यात ‘मातीच्या ढिगाऱ्याखाली दबून गुदमरल्याने मृत्यू’ एवढी नोंद होते आणि बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

यातला ‘गुदमरल्याने’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. नाकातोंडात माती गेली म्हणून माणूस गेला, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे होतेही. पण डोके पूर्ण उघडे असताना, केवळ छातीपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा गुदमरून मरू शकतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ‘तोंड तर बाहेर आहे, बोलतोय, आता काही भीती नाही,’ असे म्हणत काठावरची माणसे दोर शोधायला धावतात, आणि तेवढ्यात त्याचे बोलणे थांबते.

माती जड असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या ओलसर मातीचे वजन १६०० ते २००० किलो भरते. लहान मोटारीपेक्षा दुप्पट म्हटले तरी चालेल. श्वास आत घेताना छातीचा पिंजरा फुगतो आणि श्वासपटल खाली सरकते. श्वास सोडला की छाती आत येते, आणि तिच्याभोवती पडलेली फट सैल माती लगेच भरून काढते. पुढच्या श्वासाला छातीला तेवढी जागा उरत नाही. त्याच्या पुढच्याला त्याहून कमी.

हा दाब किती असतो, याचा अंदाज पाण्यावरून येतो. पाण्यात तरंगत खाली बघणाऱ्या पोहणाऱ्यांची श्वासनळी हातभरच असते. ती चांगली लांब करून माणसाला खोल का जाता येत नाही? कारण एक मीटर खोलीवर पाण्याचा छातीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम होतो, आणि धडधाकट तरुणाचे श्वासाचे स्नायू सगळा जोर लावून साधारण तेवढीच ओढ निर्माण करू शकतात. तीसुद्धा काही सेकंद. माती पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड असली, तरी बाजूला ती आपल्या भाराच्या सुमारे निम्म्यानेच रेटते. म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच येतो. छातीच्या पातळीवर मीटरभर माती असणे म्हणजे पाण्याखाली जवळजवळ एक मीटरवर नळीने श्वास घेत राहणे. छाती चारही बाजूंनी दाबली गेली की हृदयाकडे परतणारे रक्त उलट मान-चेहऱ्याकडे ढकलले जाते. चेहरा जांभळा पडतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

मग अशी ही जड माती सकाळपासून उभी कशाच्या जोरावर होती?

या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर विचार केला तो शार्ल कुलोंब याने. विजेच्या नियमामुळे विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा कुलोंब तो हाच. पेशाने तो फ्रेंच सैन्यातला अभियंता होता. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याच्या कामात त्याची आठ वर्षे गेली, आणि तिथल्या तापांनी त्याची प्रकृती जी ढासळली ती कायमचीच. परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडला. मातीचा उभा काठ ढासळतो तेव्हा पाचरीच्या आकाराचा एक तुकडा तिरक्या पृष्ठावरून घसरतो, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच असतात. एक कणाकणांतले घर्षण, दुसरी त्यांची चिकटून राहण्याची ताकद. एवढे त्याने हेरले होते.

राहिले होते पाणी. ते कोडे उलगडायला आणखी दीडशे वर्षे लागली. प्रागमध्ये जन्मलेला कार्ल तेर्झागी इस्तंबूलमध्ये शिकवत असताना मातीवर प्रयोग करत होता. १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथापासून मृदा-यांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र मानले जाते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की मातीवर एकूण भार किती यावर तिची ताकद ठरत नाही. त्या भारातला काही वाटा कणांमधले पाणी उचलते, उरलेला कण एकमेकांवर टेकून उचलतात. ताकद येते ती या उरलेल्या वाट्यातून. पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांपासून सुटे होऊ पाहतात आणि माती ढिली पडते. पाण्याचा दाब उणे झाला, म्हणजे पाणी कणांना आत ओढू लागले, की तीच माती घट्ट होते.

घरात याचा पुरावा हवा असेल तर हवा काढून बंद केलेले काजूचे पाकीट हातात घ्यावे. विटेसारखे कडक लागते, टेबलावर उभे राहते. कात्रीने कोपरा कापला की क्षणात मऊ. काजू तेच, वजन तेच. बाहेरून बसणारा दाब तेवढा गेला. गिरगावच्या चौपाटीवर मुले वाळूचे किल्ले करतात तेही याच तत्त्वावर. कोरड्या वाळूचा ढीग तीस-पस्तीस अंशांपेक्षा उभा राहत नाही. किंचित ओली वाळू सरळ बुरूज होऊन उभी राहते, कारण कणांमधल्या पाण्याचे पातळ पापुद्रे त्यांना ओढून धरतात. लाट आली, वाळू पूर्ण भिजली, की बुरूज बसला.

चराच्या भिंतीतही हेच घडते. खोदण्यापूर्वी त्या मातीला शेजारच्या मातीचा टेका होता. तो काढून घेतला की ती मोकळ्या बाजूला फुगू पाहते. कणांमधल्या जागा रुंदावू लागतात, पण त्या भरायला पाणी लगेच येऊ शकत नाही, त्यामुळे आतल्या पाण्यात ओढ निर्माण होते आणि भिंत घट्ट उभी राहते. ही ताकद उसनी असते. आजूबाजूचे पाणी हळूहळू झिरपत येते आणि ओढ सैल पडत जाते. वाळूमिश्रित मातीत याला मिनिटे लागतात, चिकणमातीत तास किंवा दिवस. म्हणूनच ‘कालपासून उभी आहे, काही होत नाही’ हे मुकादमाचे नेहमीचे वाक्य उलटे वाचायला हवे. जितका जास्त वेळ ती उभी, तितकी उसनवारी संपत आलेली.

महाराष्ट्रातल्या मातीच्या आणखी काही खोडी आहेत. दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या भेगा पृष्ठभागापुरत्या नसतात, खोलवर जातात. चर खणताना ही माती चिवट लागते, फावड्याला दाद देत नाही, आणि मग जुन्या भेगेच्या गुळगुळीत पृष्ठावरून तिचा मोठा ठोकळाच्या ठोकळा सुटतो. मुरूम दिसायला टणक, पण त्यातल्या सांध्यांतून पाणी गेले की त्याचाही भरवसा नाही. सगळ्यांत दगाबाज म्हणजे शहरातला भराव. जुन्या पाइपलाइनचा चर कधीतरी राडारोड्याने बुजवलेला असतो, आणि नवा चर त्याला खेटून खणला जातो. मधली माती मग भिंत न राहता दोन खड्ड्यांमधला नुसता पडदा होते.

ढासळण्याआधी बऱ्याचदा इशारा मिळतो, पण तो चराच्या आत मिळत नाही. काठापासून थोडे मागे, साधारण चराच्या खोलीच्या निम्म्या ते पाऊण अंतरावर, जमिनीवर काठाला समांतर बारीक भेग दिसते. कुलोंबची पाचर सुटायला लागल्याची ती खूण. या भेगेत पावसाचे पाणी भरले की ते पाचरीला मागून ढकलते. आणि नेमकी हीच भेग दिसत नाही, कारण उपसलेल्या मातीचा ढीग तिच्यावरच टाकलेला असतो. तो ढीग काठावर भार टाकतो तो वेगळाच. जवळून जाणाऱ्या डंपरचे हादरेही तिथेच बसतात.

इमारतीच्या पायाशेजारी खोदताना जोखीम दुहेरी असते. पाया खालच्या मातीवर टेकलेला असतो हे कुणीही सांगेल. पण पायाच्या दोन्ही अंगांची मातीसुद्धा त्याला तोलून धरत असते. भार जास्त झाला की पायाखालची माती बाजूला सरकून वर येऊ पाहते, आणि बाजूची माती आपल्या वजनाने तिला दाबून ठेवते. शेजारच्या प्लॉटमध्ये त्याहून खोल खड्डा खणला म्हणजे ते वजन काढून घेतले. जुनी भिंत मग आपल्याच भाराने खचते आणि चरात काम करणाऱ्यांवर येते.

यावरचे उपाय नवे नाहीत, नियमही आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटातल्या सुरक्षा-संहितेत स्पष्ट लिहिले आहे, की चर १.५ मीटर किंवा अधिक खोल असेल तर त्याच्या बाजूंना उतार द्यावा किंवा लाकडी आधार देऊन त्या घट्ट धराव्यात. उपसलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांतले जे जास्त असेल तेवढी दूर टाकावी. सुमारे १.२ मीटर खोलीपासून शिडी हवीच. खालून पोखरून वरची माती पाडणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. गावाकडे टेकाडातून मुरूम किंवा पांढरी माती काढताना मात्र हीच पद्धत वर्षानुवर्षे चालते, आणि त्यात जीव जातात.

उतार देणे कागदावर सोपे आहे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनुसार भुसभुशीत मातीत दर मीटर खोलीला दीड मीटर आडवा उतार द्यावा लागतो. म्हणजे दोन मीटर खोल चराला दोन्ही अंगांना तीन-तीन मीटर जागा. आपल्या गल्लीची रुंदीच तेवढी नसते. तिथे फळ्या आणि आडव्या टेक्यांचा आधार किंवा चरात उतरवायची पोलादी पेटी, हेच मार्ग उरतात. त्याला खर्च येतो, कामाचा वेग मंदावतो. दोन तासांच्या सांध्यासाठी एवढे कोण करणार, असा हिशेब होतो, आणि तो हिशेब करणारा माणूस सहसा चरात उतरत नाही.

अपघात झाल्यावरची पहिली काही मिनिटे फार गोंधळाची असतात. सोबतचे मजूर जिवाच्या आकांताने आत उड्या टाकतात. पण एक बाजू सुटली म्हणजे उरलेल्या मातीचाही आधार गेलेला असतो, आणि दुसरी दरड वाचवायला गेलेल्यांवर कोसळते. जवळची यंत्रे आधी बंद करावीत, काठावरची गर्दी मागे हटवावी, १०१ आणि १०८ या क्रमांकांना फोन करावा. हाती असतील त्या फळ्या, दारे, पत्रे लावून उरलेला काठ रोखल्यावरच उतरावे. जेसीबीच्या बकेटने माणूस शोधू नये. आधी चेहरा आणि छाती मोकळी करावी, तीही हातांनी आणि घमेल्यांनी. कमरेपर्यंत गाडलेल्याला दोर बांधून ओढू नये. त्या मातीची पकड एवढी असते की माणूस निघत नाही, त्याचा मणका आणि खांदे मात्र निखळतात.

पाय किंवा मांड्या तासन् तास दबून राहिल्या असतील तर सुटकेचा क्षणच धोक्याचा ठरतो. लंडनवरच्या बॉम्बवर्षावात ढिगाऱ्यांतून जिवंत काढलेले, वरवर बरे दिसणारे काही जण आठवडाभरात मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन केले. आज त्याला ‘क्रश सिंड्रोम’ म्हणतात. चिरडलेल्या स्नायूंमधून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन बाहेर पडते. दाब असेपर्यंत ते त्या भागातच अडकून असते. माती दूर झाली, रक्त वाहू लागले की ते एकदम शरीरभर जाते. पोटॅशियमने हृदय थांबू शकते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांच्या बारीक नलिका बुजवते. लघवी काळ्या चहासारखी होते, मग कमी होत जाते.

म्हणून एखादा हात मोकळा होताच, पाय अजून मातीत असतानाच, शिरेतून साधे सलाइन सुरू करायचे असते. मोठ्या माणसाला तासाला सुमारे एक लिटर. रिंगर लॅक्टेटसारखे पोटॅशियम असलेले द्रव टाळायचे. रुग्णालयात आणल्यावर तो बोलत असला, पायाला फक्त सूज असली, तरी घरी सोडायचे नाही. ईसीजी आणि रक्तातले पोटॅशियम वरचेवर तपासायचे, लघवी मोजायची, आणि डायलिसिसची सोय नसेल तर ती जिथे आहे तिथे वेळेत पाठवायचे. नातेवाइकांनी डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने सांगावी: तो नेमका किती वाजता गाडला गेला आणि किती वाजता बाहेर निघाला.