कापसाची मेंढी व लोकरीची मेंढी

भेडाघाट हे नाव जबलपुरातील मराठी घरात वाढणाऱ्या एखाद्या बालकाच्या कानी प्रथम पडते, तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. हिंदीत मेंढीस भेड म्हणतात व नरास भेडा. मग नर्मदेच्या संगमरवरी कड्यांमधील हा घाट मेंढ्यांचा घाट असावा काय? जाणकारांची उत्तरे निराळी आहेत. कोणी हे नाव भृगु ऋषींशी जोडतात, तर कोणी दोन प्रवाह जेथे एकमेकांस भिडतात ते स्थान, असा त्याचा अर्थ लावतात. मेंढीचा उल्लेख या दोहोंतही नाही. तथापि बालकाचा प्रश्न टाकाऊ नव्हे. शब्दांचे साम्य पाहून त्याने एक तर्क केला. तो तर्क तपासून पाहणे व प्रसंगी सोडून देणे, हीच विज्ञानाची पहिली पायरी होय.

दुसरी मेंढी मुलांस शाळेत भेटते. जाड कागदावर मेंढीची आकृती काढावयाची, तिच्या अंगावर खळीने कापसाचे पुंजके चिकटवावयाचे आणि काळ्या कागदाचे तोंड व पाय लावावयाचे, हा हस्तव्यवसाय बालवर्गात सर्वत्र चालतो. एका मुलाने केले तसेच शेजारच्याने करावे व अखेरीस चाळीस पांढऱ्या मेंढ्या भिंतीवर लागाव्यात, असा हा क्रम असतो. संस्कृतात अशा अनुकरणास गड्डरिकाप्रवाह, म्हणजे मेंढरांच्या रांगेसारखे चालणे, असे नाव आहे. हा उद्योग बंद करावा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, मेंढी तयार झाल्यावर शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा: “ज्या पदार्थाने आपण ही मेंढी झाकली, तो मेंढीच्या अंगावर उगवतो काय?” कापूस झाडास लागतो, लोकर प्राण्याच्या कातडीतून वाढते. हा भेद मुलांच्या ध्यानी आला, म्हणजे हस्तव्यवसायाचा तास विज्ञानाचा तास होतो.

हातास काम, मनास प्रश्न

जबलपुरास मुलांच्या हस्तव्यवसायाचा एक जुना व काहीसा विषण्ण करणारा इतिहास आहे. ठगांचा बंदोबस्त करण्याच्या मोहिमेत जे ठग माफीचे साक्षीदार झाले, त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलांसाठी 1837 च्या सुमारास येथे एक उद्योगशाळा काढण्यात आली. स्लीमन हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. त्या शाळेत तयार होणारे तंबू व गालिचे दूरवर प्रसिद्ध झाले. पित्याच्या अपराधामुळे बंदिस्त वस्तीत वाढणारी मुले तेथे विणकाम शिकली. परंतु तेथे शिकविण्याचा हेतू हातांस गुंतवून ठेवण्याचा होता. धागा का तुटतो, रंग का बसतो, हे विचारण्याचा अधिकार शिकणाऱ्यास मिळावा, हा विचार पुढे शंभर वर्षांनी आला.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली, व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. वर्धा व जबलपूर ही दोन्ही शहरे त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. उद्योग हा शिक्षणास जोडलेला एक विषय नसून शिक्षणाचे माध्यम असावे. मुलाने सूत कातताना गणित, भूगोल व निसर्गविज्ञान शिकावे, असा त्या कल्पनेचा गाभा होता. तेथे टकळीवर कापूस होता. मेंढीची लोकर त्याच टकळीवर चढविता येते, आणि तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

लोकर कोठून आणावी?

जबलपूर, सागर, नरसिंहपूर या भागांत मेंढ्या पाळणे व त्यांच्या लोकरीची जाड कांबळी विणणे हा गडरिया समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. गाडर म्हणजे मेंढी, त्यावरून हे नाव पडले. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध केला, त्यात या समाजाची नोंद आहे. हिरालाल हे तर त्या वेळच्या जबलपूर जिल्ह्यातील मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे, रहिवासी. महाराष्ट्रात हेच कार्य धनगर करतात. तेथील दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर पिंजून कातली जाते, सनगर विणकर ताण्यास चिंचोक्याची खळ देतात, आणि मागावर घोंगडी तयार होते.

आज मऊ लोकर व कृत्रिम धागा यांच्या स्पर्धेत भरड लोकरीस पुरेसा भाव मिळत नाही; कातरणीची मजुरीदेखील निघत नाही म्हणून ती कित्येक ठिकाणी टाकून दिली जाते. म्हणूनच शाळेस मूठभर लोकर मिळणे कठीण नाही. मेंढपाळास कातरणीच्या दिवशी शाळेत आमंत्रण द्यावे, हे अधिक चांगले. ज्या मुलाच्या घरी कात्री व टकळी आहे, परंतु वर्गात जो मागील बाकावर मुकाट्याने बसतो, त्याच्याजवळचे ज्ञान त्या दिवशी सर्वांच्या उपयोगी पडेल.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. लोकर निरोगी, जिवंत मेंढीची असावी. मेलेल्या जनावराची कदापि घेऊ नये. काळपुळीच्या रोगाचे जंतू लोकरीत दीर्घकाळ टिकतात, व इंग्लंडमधील लोकर निवडणाऱ्या कामगारांस एकेकाळी त्यामुळे प्राणास मुकावे लागत असे. याच रोगावरील लशीचा प्रयोग लुई पाश्चर यांनी 1881 साली फ्रान्समधील पुई-ल-फोर येथे मेंढ्यांवर जाहीरपणे करून दाखविला: लस दिलेल्या मेंढ्या वाचल्या, न दिलेल्या दगावल्या. जबलपुरात 1948 पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे आणि 2009 पासून तेथे पशुवैद्यक विद्यापीठही झाले आहे. कळपाविषयी शंका असल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. लोकर शिक्षकांनी प्रथम साबणाच्या ऊन पाण्यात धुऊन वाळवावी, व काम झाल्यावर मुलांनी हात स्वच्छ धुवावेत.

पहिला प्रयोग: तंतूची ओळख

कापसाचा एक पुंजका व धुतलेल्या लोकरीचा एक पुंजका प्रत्येक मुलास द्यावा. दोन्ही भिंगाखाली पाहावेत, ओढून पाहावेत, मुठीत दाबून सोडावेत. लोकर पुन्हा फुगते, कापूस बराचसा दबलेलाच राहतो. नंतर शिक्षकांनी चिमट्यात धरून दोहोंचा एकेक धागा पेटवून दाखवावा. हे काम मुलांकडे देऊ नये. कापूस कागदासारखा भराभर जळतो व मऊ, करडी राख उरते. लोकर आक्रसते, ज्योत दूर करताच बहुधा विझते, केस जळाल्यासारखा दर्प येतो, व काळा, ठिसूळ मणी मागे राहतो. कारण उघड आहे. कापूस हा वनस्पतीतील सेल्युलोजचा बनलेला असतो; लोकर ही आपल्या केसांप्रमाणे व नखांप्रमाणे केरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते.

दुसरा प्रयोग: न शिवता केलेली मेंढी

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. घराच्या कौलांप्रमाणे ते एकावर एक रचलेले असून त्यांची टोके तंतूच्या अग्राकडे वळलेली असतात. साध्या भिंगातून ते दिसत नाहीत, परंतु बोटांस कळतात. लांब केस किंवा लोकरीचा लांब तंतू अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून, बोटे तंतूच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे घासावीत. तंतू एकाच बाजूस, मुळाच्या दिशेने, हळूहळू सरकत जातो. तंतू उलटा धरला तर तो उलट बाजूस सरकतो. खवल्यांमुळे एका दिशेने घर्षण कमी व दुसऱ्या दिशेने अधिक होते, हे येथे प्रत्ययास येते.

आता लिंबाएवढा लोकरीचा गोळा घ्यावा व त्याचा घेर दोऱ्याने मोजून वहीत लिहावा. तो साबणाच्या सोसवेल इतक्या ऊन पाण्यात बुडवून तळहातांमध्ये प्रथम हलके व नंतर जोराने वळावा. भरड लोकरीस वेळ अधिक लागतो. मुलांनी धीर सोडू नये. तंतू एकमेकांत शिरतात, परत फिरू शकत नाहीत, आणि गोळा घट्ट होत जातो. वाळल्यावर पुन्हा घेर मोजावा व किती घटला ते काढावे. या गोळ्यास काटक्यांचे चार पाय, कापडाचे कान व बियांचे डोळे लावले की मेंढी तयार होते. तिच्यात सुई नाही, दोरा नाही, खळही नाही. असाच एक गोळा कापसाचा करून पाहावा. तो वाळल्यावर सहज सुटतो. लोकरी स्वेटर ऊन पाण्यात चोळला असता का आटतो, हे मग मुले स्वतःच सांगतील.

रंगीत मेंढी हवी असल्यास पांढरी लोकर तुरटीच्या पाण्यात भिजवून पळसाच्या फुलांच्या काढ्यात ठेवावी. फाल्गुनात जबलपूरच्या आसपासची राने पळसाने पेटलेली असतात, तेव्हा रंगास पैसा पडत नाही. त्याच काढ्यात कापसाची वातही टाकावी व कोणावर रंग अधिक चढला ते पाहावे.

तिसरा प्रयोग: घोंगडी ऊब देते काय?

डिसेंबर-जानेवारीत जबलपुरात रात्री कडाक्याची थंडी पडते. “घोंगडी उष्ण असते,” असे मुले म्हणतात. ते तपासावे. सारख्या आकाराचे तीन डबे घ्यावेत. एक उघडा ठेवावा, दुसऱ्याभोवती कोरडी घोंगडी व तिसऱ्याभोवती तितक्याच जाडीचे कोरडे सुती कापड गुंडाळावे. शिक्षकांनी तिन्हींत सारखेच गरम पाणी ओतून झाकणे लावावीत. दर पाच मिनिटांनी तापमापकावरील अंक लिहून अर्ध्या तासाचा आलेख काढावा. कोणते पाणी सर्वांत उशिरा निवते?

नंतर याच्या उलट करावे: बर्फाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक घोंगडीत गुंडाळावा व दुसरा उघडा ठेवावा. घोंगडी उष्ण असती तर तिच्यातील बर्फ आधी वितळला असता. प्रत्यक्षात तोच अधिक काळ टिकतो. म्हणजे घोंगडी ऊब देत नाही, ती उष्णतेची ये-जा रोखते. कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हे त्याचे मुख्य कारण होय. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी वाफ शोषूनही हातास ओली लागत नाही. पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरास हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मेंढी खरोखरच निर्बुद्ध आहे काय?

शेवटी त्या गड्डरिकाप्रवाहाकडे वळू. मेंढरे एकामागून एक चालतात, म्हणून ती निर्बुद्ध, असा आपला समज आहे. मैदानावर वीस मुलांस मेंढरे करावे व तीन नियम सांगावेत: शेजाऱ्यास धक्का लागू देऊ नये, शेजाऱ्यापासून फार दूर जाऊ नये, शेजारी ज्या दिशेने चालतील त्या दिशेने चालावे. नायक नेमू नये. थोड्याच वेळात सर्व कळप एकदिलाने वळताना दिसेल. याच तीन नियमांवरून क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन तज्ज्ञाने संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम थवे उडवून दाखविले. ते काम 1987 साली प्रसिद्ध झाले. मग एका मुलास लांडगा करावे. कडेच्या मेंढरांस तो आधी गाठतो, मधली वाचतात. कळपात घुसणे हा आत्मरक्षणाचा उपाय आहे, असे हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने 1971 साली मांडले.

मेंढीची स्मरणशक्तीही क्षुल्लक नाही. इंग्लंडमध्ये कीथ केंड्रिक व त्यांचे सहकारी यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, मेंढ्या आपल्या जातीतील पन्नास चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ ओळखू शकतात. येथे आणखी एक हस्तव्यवसाय सुचतो. प्रत्येक मुलाने मेंढीचा मुखवटा करावा, परंतु कपाळावरील ठिपका, कानाची ठेवण, नाकाचा रंग यांपैकी काही तरी निराळे ठेवावे. मुखवटे एक दिवस पाहू द्यावेत. आठवड्याने किती मुखवट्यांचे धनी ओळखता येतात ते मोजावे. मेंढपाळ पाहुणे आलेच असतील, तर ते आपल्या कळपातील मेंढ्या कशावरून ओळखतात, हेही मुलांनी त्यांस विचारावे.

भिंतीवरील कापसाच्या मेंढ्या काढून टाकू नयेत. त्यांच्याशेजारी लोकरीच्या मेंढ्या मांडाव्यात, व प्रत्येकीखाली मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे: ही कशाची आहे, आणि हे मला कसे कळले.