दोन इंधनं, एकच ठिणगी

शेवरलेटचं ३५० घनइंची व्ही-८ इंजिन १९६७ साली आलं आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य पिकअप ट्रकांत बसलं. काही मालकांनी पेट्रोलच्या जोडीला प्रोपेनची टाकीही लावली. अशा ट्रकची तक्रार ठरलेली: पेट्रोलवर झकास, गॅसवर मरगळलेला. ठिणगीचं टायमिंग गॅसला जुळवलं, तर चढावर पेट्रोल नॉकिंग करतं.

पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. मंद फेऱ्यांवर प्रोपेनला ती पेट्रोलपेक्षा जरा आधी हवी. वेग वाढला की मात्र एकूण अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगीची ही आघाडी, कमी पुरतो. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा एकच चाल जाणतात. म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरवून साधते ती तडजोडच.

तपासायचं कसं? व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट लावायचा. पण टायमिंगची खूण ज्यावर असते, ते क्रँकवरच्या बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. जुनं रबर सरकलं, की खूणच खोटं बोलते! मग प्लगच्या भोकातून पिस्टनचा खरा वरचा बिंदू शोधावा लागतो. खूण नाचत असेल, तर टायमिंग चेनवर संशय घ्यावा.

खरं तर डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी प्लग आणि वायरी पाहाव्यात. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर निभावून नेणाऱ्या जुन्या वायरी गॅसवर उघड्या पडतात.

तडजोड नकोच असेल, तर इंधनानुसार टायमिंग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी मिळते. आपल्याकडे पेट्रोल-सीएनजी गाड्यांनाही तसाच टायमिंग अॅडव्हान्सर बसवतात.