न खोदता हजारो वर्षांपूर्वीचा तट कसा सापडतो? सुरुवात तुमच्या फोनवरून

गूगल अर्थ उघडा आणि सर्चमध्ये ‘पवनार’ टाका. वर्धा शहराजवळ, धाम नदीच्या काठावरचं हे गाव. बहुतेकांना ते विनोबांच्या आश्रमामुळे माहीत आहे. पण याच आश्रमाच्या शेतात खोदताना विनोबांना जुनी दगडी शिल्पं सापडली होती. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला रीतसर उत्खनन केलं. तेव्हा वाकाटक काळाच्या थराखाली सातवाहन काळ आणि त्याच्याही खाली आणखी जुनी वस्ती निघाली.

आता प्रश्न असा, की वरून साधं टेकाड दिसत असताना नेमकं कुठे खोदायचं हे कसं कळतं? आणि खोदायच्या आधी किती माहिती मिळू शकते? चला, एकेक पायरी बघू.

आधी विचार करा: तट कुठे लागणार नाही?

आयर्लंडच्या एका बेटावर ‘डून एंगस’ नावाचा किल्ला आहे. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी तिथे पहिलं बांधकाम झालं. तो समुद्राच्या सुमारे १०० मीटर उंच कड्याच्या अगदी टोकावर आहे. गंमत म्हणजे दगडी तट फक्त जमिनीच्या बाजूला आहेत, धनुष्यासारखे वाकलेले. समुद्राकडून कोण चढून येणार? ते काम कड्यानेच केलं.

हीच युक्ती विदर्भातही दिसते, फक्त कड्याच्या जागी नदी आहे. भंडारा जिल्ह्यातलं पवनी बघा. (पवनार आणि पवनी, गोंधळू नका!) एका बाजूला वैनगंगा आणि बाकीच्या बाजूंना मातीचा तट आणि खंदक. इथे १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप सापडले.

म्हणून नकाशा बघताना पहिला नियम: निसर्गाने कोणती बाजू राखली आहे ते शोधा. तट असलाच, तर तो उरलेल्या बाजूंना असणार.

पायरी १: आकाशातून बघणं

सॅटेलाइट फोटोत सरळ रेषा, गोल आणि कमानी शोधायच्या, कारण निसर्ग सहसा असे नीट आकार काढत नाही. नागपूर आणि वर्धा भागात लोहयुगातली दगडांची वर्तुळं आहेत. ती दफनाची ठिकाणं. नागपूरजवळची जुनापाणी आणि माहुरझरी ही त्यांतली प्रसिद्ध नावं. माहुरझरीला तर माणसांसोबत घोडेही पुरलेले सापडले आणि घोड्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते. वर्तुळं बहुधा मुरमाड, नापीक जमिनीवर असतात आणि राहती गावं नदीजवळ, काळ्या मातीच्या शेजारी.

इथे महिना महत्त्वाचा. शेतात कपाशी आणि तूर उभी असताना काहीच दिसत नाही. मार्च ते मे मधले फोटो बघा, तेव्हा रान मोकळं असतं. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे फोटोही मिळतात. इस्रोच्या ‘भुवन’ या साइटवरचे नकाशेही सोबत ठेवा.

पायरी २: उंचसखलपणा मोजणं

फोटोत रंग दिसतो, पण चढउतार कळत नाही. त्यासाठी उंचीचा नकाशा लागतो. फुकट मिळणाऱ्या नकाशांमध्ये साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा असतो. आता हिशोब करा: दगडांचं वर्तुळ १०-१५ मीटरचं, म्हणजे ते दोन आकड्यांच्या मधेच हरवून जातं. अशा नकाशावर नदीची दरड, टेकडी किंवा मोठं टेकाड कळेल, बारीक काम नाही.

बारीक कामासाठी लायडार वापरतात. विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचे लाखो ठिपके खाली सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. काही ठिपके झाडांच्या फटींतून थेट जमिनीवर पोचतात. संगणकात झाडांचे ठिपके वगळले, की खालचा झिजलेला तट उघडा पडतो. काही महागड्या फोनमध्येही लायडार असतो, पण त्याची झेप जेमतेम पाच मीटर!

पायरी ३: जमिनीखाली डोकावणं

मॅग्नेटोमीटर हे यंत्र जमिनीचं चुंबकत्व मोजतं. भाजलेली माती, चूल, भट्टी, लोखंडाची मळी इथे आकडा बदलतो. पण आपल्याकडे एक अडचण आहे. विदर्भाच्या मोठ्या भागात खाली काळा बेसाल्ट दगड आहे आणि तो स्वतःच चुंबकीय असतो. त्यामुळे भट्टी कुठली आणि दगड कुठला, हे ओळखणं अवघड जातं.

दुसरं यंत्र म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणारं. वाळूत ते छान चालतं, पण ओलसर काळी माती लहरी शोषून घेते. थोडक्यात, परदेशी व्हिडिओत दिसणारी जादू आपल्या रानात जशीच्या तशी चालत नाही. म्हणून शेवटी खोदावंच लागतं.

पायरी ४: थर वाचणं

जुन्या वस्तीच्या मातीला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंती आणि खापरं साचून ती तयार होते. त्यात खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. मोबाइलच्या चॅटसारखं समजा: वर सरकवलं की जुने मेसेज, इथे खाली गेलं की जुना काळ. पण खड्डा खणून कुणी माती वर-खाली केली, की चॅटचा क्रमच बिघडला.

वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची, ती याचसाठी. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार असं मांडलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झालं आणि काही अभ्यासक प्रवरपूर तिथे असल्याचं म्हणू लागले. असा वाद सोडवायला प्रत्येक शिक्का आणि प्रत्येक खापर कुठल्या थरातून आलं, हेच पुरावा असतं. खिशात घालून घरी नेलेलं खापर काहीच सांगत नाही.

पायरी ५: वय काढणं

लोखंडाच्या कुऱ्हाडीचं वय सरळ काढणं कठीण, म्हणून तिच्यासोबतचा कोळसा किंवा हाड घेतात. त्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजलं, की वय कळतं.

पण इथेही मेख आहे. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम एकसारखं नव्हतं. इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात तर वेगवेगळ्या वर्षांचे नमुने जवळपास सारखंच उत्तर देतात. आणि आपली बरीच वर्तुळं नेमकी याच काळाच्या आसपासची! म्हणून एका नमुन्यावर भागत नाही. अनेक नमुने, थर आणि खापरांचे प्रकार हे सगळं जुळवावं लागतं.

मग आपण काय करायचं?

मुरमाड जमिनीवर वर्तुळं असतात आणि रस्त्याला मुरूम तिथूनच उचलतात. अडीच हजार वर्षं टिकलेलं वर्तुळ जेसीबी एका दुपारात साफ करतो. त्याची नोंद कुठेच नसेल, तर ते होतं हेही कुणाला कळणार नाही. तुमचा फोन इथे कामाचा आहे:

- लोकेशन सुरू ठेवून फोटो काढा. मोकळ्या रानात फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. एवढं पुरे.
- फोटोत माप ठेवा. पट्टी, नाही तर पेन. चारही बाजूंनी फोटो घ्या, म्हणजे त्यांवरून थ्रीडी मॉडेलही बनवता येईल.
- काहीही उचलू नका, दगड हलवू नका. शेत कुणाचं असेल, तर आधी त्या काकांना विचारा.
- लोकेशन टाकून रील करू नका. गुप्तधन शोधणारे तेच बघत असतात.
- योग्य ठिकाणी कळवा. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ किंवा नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाही तर त्यातली लोकेशनची माहिती गळून जाते.

आणि नाणी किंवा दागिने सापडलेच, तर लपवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पुढच्या वेळी मामाच्या गावाला जाल, तेव्हा आधी नकाशात नदीचं वळण बघून ठेवा. मग आजोबांना विचारा, ‘आपल्या गावची जुनी पांढरी कुठे होती?’ सॅटेलाइटला जे दिसत नाही, ते त्यांना बहुतेक माहीत असतं.