फडात येणारा साहेब

गट कार्यालयाच्या ओट्यावर बसलेल्या सभासदांच्या तोंडून एखाद्या अधिकाऱ्याचे नाव आदराने निघणे ही सोपी गोष्ट नाही. ऊस वेळेवर गेला तर तो आपल्या नशिबाने गेला आणि थांबला तर साहेबामुळे थांबला, असा आपला सर्वांचा हिशेब असतो. त्यात आम्हीही आलोच. म्हणूनच पूर्वेकडच्या गटाचे शेतकी अधिकारी निवृत्त झाल्यावर चार-पाच सभासद ओट्यावर बसून "आता पुढं कसं व्हायचं" अशी काळजी करताना दिसले, तेव्हा या माणसाविषयी दोन शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले. त्यांना तसे कळवले, तर ते म्हणाले, "लिहायचं तर लिहा, पण नाव छापू नका. काम चिटबॉयनी केलंय, मी फक्त मोटारसायकल फिरवली." तेव्हा या लेखात आम्ही त्यांना नुसते साहेबच म्हणणार आहोत.

सभासदांना 2021-22 चा हंगाम आठवत असेलच. न आठवून सांगता कुणाला? पाऊसपाणी चांगले झाले होते, लागणी भरमसाट झाल्या होत्या. त्या हंगामात राज्यात 1,300 लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला, साखर 137 लाख टनांपर्यंत गेली आणि गळीत जूनपर्यंत रेंगाळले. वर्तमानपत्रांतून विक्रमाचे मथळे आले. पण ज्याचा ऊस मे महिन्यात रानात उभा होता त्याला त्या विक्रमाचे काय? आडसाली लागण वीस महिन्यांची झाली, तुरे येऊन गेले, कांड्यांना पोकळी धरली, उंदरांनी बुडखे कुरतडले. 1 मे नंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनाला 200 रुपये सरकारने दिले, पण वजनात जी तूट आली ती कोण भरून देणार?

अशा वेळी अधिकारी काय करतो? आम्ही बरेच अधिकारी पाहिले आहेत. बहुतेकांचा फोन मार्च महिन्यात "बंद आहे" असे सांगू लागतो. ऑफिसात गेलो तर साहेब रानात, रानात गेलो तर साहेब कारखान्यावर मीटिंगला. त्यांचीही अडचण असते. टोळ्या नाहीत, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागलेली, आणि समोर शिव्या द्यायला उभा सभासद. खोटे कशाला बोला, "उद्या टोळी देतो" असे सांगून वेळ मारून नेणे सर्वात सोपे. पण उद्याची परवा होते आणि परवाचा आठवडा, मग तोच सभासद पुढच्या वेळी खऱ्या तारखेवरही विश्वास ठेवत नाही.

आमच्या साहेबांनी फेब्रुवारीतच उलटे काम केले. नोंदीच्या याद्या काढल्या, लागण तारखेप्रमाणे क्रम लावला, हातातल्या टोळ्यांनी रोज किती टन तुटतात त्याने भागाकार केला, आणि ज्यांचा ऊस एप्रिलच्या आत जाणे शक्य नव्हते त्या प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले. सोबत गावचा चिटबॉय. ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि सांगायचे, "काका, तुमचा ऊस मे महिन्यात तुटंल. आधी होणार नाही. पाण्याच्या पाळ्या सोडू नका, खोडव्याचा विचार आत्ताच करून ठेवा." काहींनी चहा दिला, काहींनी दिला नाही. एका घरी तर म्हातारीने अंगणातूनच परत पाठवले. पण वाईट बातमी तिसऱ्याकडून कळण्याऐवजी ज्याची जबाबदारी त्याच्याच तोंडून कळली, हे लोकांच्या लक्षात राहिले.

क्रमाची यादी ऑफिसच्या फळ्यावर लागली. आता फळ्यावर यादी लावणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, ती सगळीकडे लागते. प्रश्न असतो तो यादी मोडायची वेळ आली की. आमच्या भागातील एका वजनदार सभासदाचा (वजनदार म्हणजे टनाने नव्हे) ऊस यादीत खाली होता. वरून फोन आले. साहेबांनी फोन करणाऱ्याला एवढेच विचारले म्हणतात, की फळ्यावरचा बदल मी माझ्या अक्षरात लिहू की तुम्ही येऊन लिहिता? तो ऊस क्रमानेच तुटला. ही हकीकत दोन दिवसांत गटातल्या सगळ्या गावांत गेली. आमच्या मते त्या हंगामात साहेबांनी जे काही मिळवले त्याचे निम्मे या एका गोष्टीत होते. माणूस किती गोड बोलतो हे लोक चार दिवस बघतात. वरचा दाब आल्यावर तो कुणाच्या बाजूने उभा राहतो, ते मात्र कायमचे बघून ठेवतात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका सभासदाचा अडीच एकर ऊस उभा, विहिरीला पाणी संपलेले, मुलीचे लग्न तोंडावर. रागाच्या भरात तो म्हणाला, "साहेब, मी पेटवूनच देतो. जळाला म्हंजे तरी तुम्ही याल का न्हाई?" त्या वर्षी असे फड ठिकठिकाणी पेटले होते. जळालेला ऊस तोडायला सोपा म्हणून टोळ्याही तोच मागत. पण जळिताची कपात बसते, वजन झपाट्याने घटते, आणि शेजाऱ्याच्या बांधापाशी आग थांबत नाही. साहेब त्याला कायदा सांगत बसले नाहीत. बांधावर बसले, त्याचा राग ऐकून घेतला. तासभर बसले असावेत. मग म्हणाले, "टोळी कधी येईल ते मला आज सांगता येत नाही. पण रोज संध्याकाळी सात वाजता मी फोन करीन. टोळी मिळाली तरी करीन आणि नाही मिळाली तरी करीन."

आणि तो फोन रोज गेला. त्या सभासदानेच आम्हाला सांगितले, "पहिले चार दिवस मी शिव्याच दिल्या. पाचव्या दिवशी सात वाजले तसा मीच फोनकडं बघाय लागलो. साहेब म्हणायचे, आज न्हाई जमलं, अमक्याच्या फडात दोन कोयते कमी पडले. बास, तेवढंच. पन खरं सांगायचे." ऊस तुटला महिनाअखेरीस. एकरी वजन नेहमीपेक्षा बरेच कमी भरले. नुकसान झाले ते झालेच. फोन केल्याने टन वाढत नाहीत, हे आम्हालाही कळते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला "साहेब चांगले होते" एवढ्यावर समाधान मानायला सांगणेही बरोबर नाही. त्या वर्षीच्या नोंदींचे नियोजन चुकले होते आणि ती चूक एकट्या गटाची नव्हती, हे या अंकात लिहायला आम्हाला संकोच नाही.

आता टोळ्यांविषयी. दसरा-दिवाळीला बालाघाटच्या डोंगरातून माणसे येतात, पाडवा झाला की त्यांना गावाची ओढ लागते. मुकादमाला उचल दिलेली असते, पण उचल म्हणजे भरवसा नव्हे. उचल घेऊन गायब झालेल्या मुकादमांच्या कहाण्या प्रत्येक कारखान्याकडे आहेत. साहेबांची एक पद्धत होती. पंधरवड्याचे टनेज ते नुसत्या मुकादमाच्या हातात देत नसत. संध्याकाळी कोप्यांवर जाऊन सगळ्या कोयत्यांसमोर, बायाबापड्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत: अमक्या तारखेला अमकी गाडी, इतके टन. आपण इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोजतो, पण हिशेब मात्र बहुतेक वेळा नवऱ्यालाच कळतो. बाईने विचारले की साहेब थांबून पुन्हा सांगत. सुरुवातीला मुकादमांना हे आवडले नाही. एकाने तर "आमच्यात फूट पाडता का?" असे तोंडावर विचारले. हळूहळू त्याच मुकादमाची आपल्या माणसांशी होणारी भांडणे कमी झाली, मग त्याची तक्रारही गेली. 2022 च्या त्या मे महिन्यात गटातल्या अकरा टोळ्यांपैकी तीन निघून गेल्या, आठ राहिल्या. शेजारच्या गटांत काय झाले ते सभासदांना माहीत आहे.

कोप्यांवर पाण्याचा टँकर वेळेवर जातो की नाही हेही ते बघत. बाकी पुष्कळ सांगण्यासारखे आहे, पण जागा कमी आहे.

चिटबॉयच्या बाबतीत मात्र एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. एका गावात एकाच नावा-आडनावाचे दोन सभासद, फक्त वडिलांचे नाव वेगळे. नव्या पोराने चिठ्ठीवर चुकीचा कोड टाकला आणि एका ट्रॉलीचे बिल दुसऱ्याच्या खात्यावर गेले. ज्याचे पैसे गेले तो ऑफिसात येऊन गरजला. काटा मारता, खाती फिरवता, काय काय म्हणाला. पोरगा थरथर कापत होता. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "चूक आमच्या ऑफिसची आहे. म्हणजे माझी." त्याच दिवशी दोन्ही सभासदांना समोरासमोर बसवले, दुसऱ्याने पुढच्या बिलातून कपातीला संमती दिली, आणि झाल्या चुकीची नोंद फळ्यावर लागली. पोराला काय बोलायचे ते सगळे गेल्यावर, दार लावून बोलले. तो पोरगा आता चार गावे सांभाळतो. तो म्हणतो, "साहेब दार लावून लई बोलले वो, रडायचा बाकी ऱ्हायलो. पन लोकांसमोर एक शब्द न्हाई." त्यानंतर चूक झाली की पोरे ती दडवायची सोडून आधी साहेबांना सांगू लागली.

हे फक्त शेतकी खात्यालाच लागू आहे असे नव्हे. मिल हाऊसमध्ये एका शिफ्टला असा इंजिनियर होता की काही बिघडले की पहिला प्रश्न, "कुणी हात लावला?" साहजिकच तिथे कुणीच कशाला हात लावत नसे आणि कुणाला काही दिसतही नसे. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात फिटर, ऑईलमन, केन कॅरियरवरचा माणूस, प्रत्येकाला एकच विचारले, की तुझ्या जागेवर काय आवाज करते? पुढे एका रात्री दोनच्या सुमारास ऑईलमनने येऊन सांगितले की मिलचे एक बेअरिंग हाताला जास्त गरम लागते. थोडा वेळ गाळप थांबले, तेवढ्यावर निभावले. नाहीतर कारखाना दिवस-दोन दिवस बंद, बाहेर गाड्या उन्हात आणि आत तोडलेला ऊस वाळत. ऊस तोडल्यापासून 24 तासांत गाळला गेला तर ठीक, पुढे प्रत्येक तासाला वजन आणि साखर दोन्ही उतरते, हे सभासदांना आम्ही नव्याने सांगायला नको.

या संदर्भात प्रवरेची आठवण होते. विठ्ठलराव विखे-पाटील यांनी लोणीच्या परिसरात गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले. शालेय शिक्षण जेमतेम, पण शब्दाला वजन. आणि अध्यक्षपदी स्वतः न बसता त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांना बसवले. 1950-51 च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले, गाडगीळ पुढे सुमारे दहा वर्षे अध्यक्ष राहिले. शेतकऱ्याने प्रोफेसरावर आणि प्रोफेसराने शेतकऱ्यावर इतका विश्वास टाकावा, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

साहेबांमध्ये दोष नव्हते असे कुणी समजू नये. कागदपत्रांत ते ढिले होते, मुख्य कार्यालयाची पत्रे टेबलावर आठ-आठ दिवस पडून असत. एका गावाशी त्यांचे शेवटपर्यंत जमले नाही. तिथले लोक म्हणतात की आमच्याकडे ते कमी यायचे, आणि त्यांच्या फेऱ्यांची वही पाहिली तर ते म्हणणे खोटे नाही.

त्या वहीविषयी सांगायचे राहिले. साधी शंभर पानी वही. सभासदाचे नाव, गट नंबर, लागण तारीख, जात (बहुतेक ठिकाणी 86032 किंवा 265), आणि शेवटच्या रकान्यात "शब्द". म्हणजे त्या सभासदाला आपण काय कबूल केले ते, तारखेसह. शब्द पाळला की बरोबरची खूण. नाही पाळता आला तर कारण, आणि ते त्याला कधी जाऊन सांगितले तो दिवस.

पुढे दिवस फिरले. 2024-25 च्या हंगामात राज्यातले साखर उत्पादन 80 लाख टनांच्या आसपास आले. ऊस कमी आणि कारखाने तेवढेच. आपल्या भागातही बाहेरचे कारखाने बांधावर येऊन जादा दर बोलू लागले, आजची तोड आजच देतो म्हणाले. तेव्हा तो अडीच एकरवाला सभासद, ज्याचे 2022 मध्ये नुकसान झाले होते, त्याने ऊस बाहेर घालायचे ठरवले असते तर आम्ही त्याला दोष दिला नसता. त्याने ऊस आपल्याच कारखान्याला घातला. का, असे विचारले तर तो हसला, "सात वाजता फोन आला ना." थोडे थांबून पुढे म्हणाला, "पन आता साहेब गेले. पुढल्या साली काय करंल, आत्ताच सांगत न्हाई."

वही आता नव्या साहेबांकडे दिली आहे. त्यांनी ती घेतली आणि कपाटात ठेवली असे एक चिटबॉय म्हणतो. दुसरा म्हणतो, कपाटात नाही, मोटारसायकलच्या डिकीत आहे. खरे काय ते गळीत सुरू झाल्यावर पूर्वेकडच्या गटातले सभासद आम्हाला कळवतीलच.