‘लायन’ : हरवलेले मूल, भाषा आणि स्मृती

प्रस्तावना : हरवलेल्या मुलाची कथा भारतीय प्रेक्षकास नवी नाही. ‘वक्त’ (१९६५) मध्ये कुटुंबाची ताटातूट भूकंपामुळे होते, तर ‘यादों की बारात’ (१९७३) मध्ये दुरावलेले भाऊ एका गीतामुळे एकत्र येतात. गार्थ डेव्हिस दिग्दर्शित ‘लायन’ (२०१६) हा चित्रपट सरू ब्रायर्ली यांच्या आत्मकथनावर आधारलेला असून त्यात ना खलनायक आहे, ना योगायोगाचे गीत. येथे ताटातूट रेल्वेमुळे होते; परंतु ती पंचवीस वर्षे टिकून राहते, ती प्रामुख्याने भाषेमुळे. या दृष्टीने प्रस्तुत लेखात सदर चित्रपटाचे विवेचन केले आहे.

भाषेचा अडसर : १९८६ मध्ये मध्य प्रदेशातील खंडवा येथील पाच वर्षांचा सरू थोरला भाऊ गुड्डू याच्यासह बुऱ्हाणपूर स्थानकावर गेला. रिकाम्या डब्यात झोप लागल्याने तो थेट कोलकात्यास पोहोचला. बांगला भाषक शहरात हिंदी बोलणाऱ्या या बालकाचे बोलणे कोणासही उमगत नाही. आपल्या वस्तीचे ‘गणेश तलाई’ हे नाव तो बालसुलभ अपभ्रंशाने उच्चारतो आणि तसे गाव कोणत्याही नोंदीत आढळत नाही. आईचे नाव विचारता तो केवळ ‘आई’ एवढेच सांगू शकतो. वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते. मात्र दूर खंडव्यात दगड वाहणाऱ्या निरक्षर मातेपर्यंत ते पोहोचणे शक्य नव्हते. १९८७ मध्ये टास्मानियातील दांपत्याने त्यास दत्तक घेतले.

स्मृतीचा मार्ग : सनी पवार या मुंबईच्या बालकलाकाराने साकारलेला पूर्वार्ध बव्हंशी संवादाविनाच उलगडतो. मुलाच्या उंचीवरून टिपलेली दृश्ये प्रेक्षकासही त्या अनाकलनीय गर्दीत उभे करतात. उत्तरार्धात देव पटेल यांचा प्रौढ सरू जिलेबी पाहून भूतकाळाकडे ओढला जातो. मातृभाषा विसरली गेली, तरी स्थानकाजवळची पाण्याची टाकी आणि घराकडे जाणारी वाट मनात शिल्लक असते. प्रवासाचा अदमासे काळ व गाडीचा वेग यांवरून अंतर काढून तो उपग्रह-छायाचित्रांत रेल्वेमार्ग न्याहाळतो. अखेर २०११ मध्ये खंडवा सापडले आणि २०१२ मध्ये मायलेकरांची भेट झाली. त्या भेटीतही दुभाष्याची गरज भासते. गुड्डू मात्र त्याच रात्री रेल्वेखाली मृत्युमुखी पडला होता, हे तेथेच समजते. त्याचे मूळ नाव ‘शेरू’ होते. ‘सरू’ हा त्याचाच चुकीचा उच्चार होय. चित्रपटाच्या शीर्षकाचा उलगडा या शेवटच्या तपशिलात होतो.

निष्कर्ष : सरूच्या यशाचे श्रेय केवळ तंत्रज्ञानास देणे अपुरे ठरेल. नकाशा पाहण्यासाठी लागणारी साधने त्यास दत्तक जीवनाने दिली. आईजवळ मात्र ती नव्हती. ती त्याच वस्तीत वाट पाहत राहिली. भारतात दरवर्षी ऐंशी हजारांहून अधिक मुले हरवतात, असे चित्रपटाच्या अखेरीस नमूद केले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना असा शोध स्वतः घेणे शक्य नसते. म्हणूनच मुलाने उच्चारलेला शब्द ‘अस्तित्वात नाही’ म्हणून बाजूला न सारता जसाच्या तसा नोंदविणे आणि त्याची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे अगत्याचे आहे. समाजकार्य, भाषा व विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी अभ्यासावा असा हा चित्रपटाचा आशय आहे.